बारावीच्या जर्नलमधले तीन सारखे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. गेल्या महिन्यात ती रसायनशास्त्राचे जर्नल पूर्ण करीत बसली होती. मान वर न करताच तिने मला विचारले, "आजोबा, सीबीआर किती ठेवू?" ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कारखान्याच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे काम केले आणि त्यातला फार मोठा काळ ब्युरेटसमोर, म्हणजे खाली तोटी असलेल्या, मापाच्या खुणा आखलेल्या काचेच्या नळीसमोर, उभा राहून काढला. त्यामुळे तिच्या वाक्यातले 'ठेवू' हे क्रियापद मला चांगलेच लागले. त्याविषयीच हे पत्र आहे.

ज्यांची शाळा-कॉलेजे मागे पडली आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सीबीआर म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग'. अनुमापनाचा, म्हणजे टायट्रेशनचा प्रयोग निदान तीन वेळा करायचा, प्रत्येक वेळी ब्युरेटमधून किती मिलिलिटर द्रावण खर्ची पडले ते लिहायचे आणि जे वाचन पुन्हा पुन्हा येईल ते पुढच्या गणितासाठी घ्यायचे, अशी ही रीत आहे. नातीच्या जर्नलमध्ये तीन ओळींत ९.८, ९.८, ९.८ असे लिहिलेले होते. मैत्रिणीच्या जर्नलमध्येही तेच आकडे होते आणि जिचे जर्नल पाहून दोघींनी उतरवून घेतले होते, तिच्याही जर्नलमध्ये तेच. तीन वाचने सारखी येणे अशक्य आहे असे मी मुळीच म्हणत नाही. हात बसलेला असेल आणि ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरपर्यंतच वाचायचे असेल, तर ती येतातही. पण अख्ख्या वर्गाच्या हातांना, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ब्युरेटवर एकच आकडा येत नाही. चौकशी केल्यावर कळले, की हा प्रयोग मुलांना एकदा लांबून दाखवण्यात आला होता आणि आकडे फळ्यावर लिहून देण्यात आले होते.

यात एखाद्या शिक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पंचवीस-तीस मुलांची तुकडी, दोन तासांचा अवधी, निम्म्या ब्युरेटच्या तोट्या गळक्या, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अर्धा, अशा स्थितीत प्रात्यक्षिके उरकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तरीही या उरकण्यात काय हातचे जाते, ते सांगितले पाहिजे असे मला वाटते.

अनुमापनाची मूळ कल्पना वाण्याच्या तराजूइतकी सरळ आहे. एका पारड्यात माहीत असलेले वजन असते, दुसऱ्यात माहीत नसलेला माल. इथे ब्युरेटमध्ये ज्याची तीव्रता ठाऊक आहे असे प्रमाण द्रावण असते आणि खाली चंबूत ज्याची तीव्रता शोधायची आहे ते द्रावण. वरून थेंब थेंब सोडत जायचे आणि खालचा पदार्थ नेमका संपला, ना कमी ना जास्त, त्या क्षणी थांबायचे. किती मिलिलिटर लागले त्यावरून खाली किती पदार्थ होता ते काढता येते, कारण दोन पदार्थ कोणत्या प्रमाणात एकमेकांशी अभिक्रिया करतात हे रसायनशास्त्राने पक्के ठरवून दिलेले आहे. पोटॅशियम परमँगनेटचे २ मोल (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलांना पुरतात. यात घासाघीस होत नाही. इंग्रजीतला 'टायट्रेशन' हा शब्द फ्रेंच 'तित्र' या शब्दावरून आला आहे, आणि तिकडे त्याचा एक अर्थ सोन्याचांदीची शुद्धता, म्हणजे आपल्या भाषेत 'कस', असा होतो. गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये पॅरिसच्या टाकसाळीसाठी चांदीचा कस मिठाच्या द्रावणाने काढण्याची पद्धत बसवून दिली. सोनाराच्या कसोटीच्या दगडावर जे काम डोळा करतो, ते त्याने मोजपट्टीवर आणून ठेवले. आपल्या मुलांना 'टायट्रेशन म्हणजे कस लावणे' एवढे जरी सांगितले, तरी त्यांना ते व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

आता ज्या प्रयोगाचे आकडे फळ्यावरून उतरवले गेले, तो प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहू. पिपेटने, म्हणजे ठरावीक माप ओढून घेणाऱ्या काचेच्या नळीने, १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल चंबूत घ्यायचे. पिपेटच्या टोकाशी शेवटचा थेंब अडकून राहतो, तो फुंकून पाडायचा नसतो. टोक चंबूच्या भिंतीला टेकवायचे आणि जे उरेल ते उरू द्यायचे, कारण पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच केलेली असते. मग सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचे. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडशीच झटू लागते. नायट्रिक आम्ल चालत नाही, कारण ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. चंबू ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. फडक्याने धरला तर सोसवेल पण उघड्या हातात धरवणार नाही, इतका. आणि मग ब्युरेटमधला परमँगनेटचा पहिला जांभळा थेंब सोडायचा.

हा पहिला थेंब मला आजही आवडतो. तो लगेच नाहीसा होत नाही. गुलाबी रंग चंबूत घोटाळत राहतो आणि नवख्या मुलाला वाटते, की झाले, अंत्यबिंदू (थांबायची खूण) आला. थोडे थांबून चंबू फिरवत राहिले, की रंग विरतो. दुसरा थेंब त्याहून लवकर विरतो, आणि मग थेंब पडताक्षणी नाहीसे होऊ लागतात. याचे कारण असे, की अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन स्वतःच त्या अभिक्रियेला उत्प्रेरक म्हणून वेग देतात. आम्ल कमी पडले असेल तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तोही काहीतरी सांगत असतो. शेवटी एक थेंब असा येतो, की त्याचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो. तिथे हात थांबला पाहिजे. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये त्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कडा दिसत नाही. म्हणून वरच्या कडेशी वाचायचे, सुरुवातीलाही आणि शेवटीही, डोळा त्याच पातळीत ठेवून. हे सगळे दोन-तीन मिनिटांत घडते. फळ्यावरून '९.८' उतरवणाऱ्या मुलाच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. अंत्यबिंदूची व्याख्या मात्र त्याला तोंडपाठ असते.

याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. मुलांच्या डोक्यात असे बसते, की वाचने जुळणे म्हणजे उत्तर बरोबर येणे. तसे अजिबात नसते. एखाद्याने चंबू प्रत्येक वेळी डिस्टिल्ड वॉटरऐवजी ऑक्झॅलिक आम्लानेच विसळला, तर पिपेटने मोजलेल्या आम्लाखेरीज भिंतीला चिकटलेले थोडे आम्ल दर वेळी आत राहते. वाचने एकमेकांशी छान जुळतील आणि तिन्ही चुकीची असतील. (ब्युरेट आणि पिपेट त्यांच्यात भरायच्या द्रावणाने विसळायची, चंबू मात्र फक्त पाण्याने, हा नियम मुले घोकतात, त्यामागचे कारण मात्र सहसा सांगितले जात नाही.) किंवा ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण द्रावण करताना कोणी स्फटिकजल, म्हणजे स्फटिकांत बांधलेले पाणी, विसरले, म्हणजे १२६ ऐवजी ९० हे रेणुवस्तुमान धरून वजन केले, तर द्रावण हवे त्यापेक्षा बरेच सौम्य होईल आणि तरीही वाचने जुळतील. जुळणे हा हाताच्या स्थिरतेचा पुरावा आहे. खरेपणाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. प्रमाण द्रावण खरोखर प्रमाण आहे का, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी येतो. कॉस्टिक सोड्याचे द्रावण वजन करून थेट प्रमाण म्हणून वापरता येत नाही, हे ज्याने जुलै महिन्यात तुर्भ्यात किंवा रबाळ्यात त्याच्या गोळ्या तराजूवर ठेवल्या आहेत, त्याला पुस्तकाशिवाय कळते. वजनाचा आकडा स्थिर होईपर्यंत त्या गोळ्या ओल्या दिसू लागलेल्या असतात. शिवाय त्या हवेतला कार्बन डायऑक्साइडही धरतात. म्हणून ते द्रावण आधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या कोरड्या, शुद्ध, हवेत न बदलणाऱ्या पदार्थासमोर उभे करून त्याची खरी तीव्रता काढावी लागते. परमँगनेटचेही तसेच आहे, आणि बारावीचा हा प्रयोग मुळात त्यासाठीच असतो.

आकडे जुळवण्याचा मोह काय असतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक बॅच तपासायला आली होती. २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असेल एवढी पूड घेऊन, स्टार्च हा दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) वापरून, ०.०५ मोलर (मोलर हे तीव्रतेचे एकक) आयोडीनने अनुमापन करायचे होते. या द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ८.८०६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाला पुरतो. पहिले वाचन २२.८ आले. हिशेब केला तर १००.४ टक्के. मन प्रसन्न झाले. दुसरे वाचन २२.४ आले, म्हणजे ९८.६ टक्के. तिसऱ्या वेळी २२.४ लाच चंबू निळा झाला, पण मी तोटी बंद केली नाही. २२.८ पर्यंत जाऊ दिले आणि वहीत २२.८ लिहिले. दुसऱ्या वाचनावर काट मारली.

आमचे वरिष्ठ रसायनतज्ज्ञ रोज संध्याकाळी टेबलांवरून एक फेरी मारीत. त्यांनी वही उघडली नाही. चंबू खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "हा एका थेंबाचा निळा आहे का रे?" तो निळा नव्हताच, काळपट झाला होता, आठ थेंब जास्तीचे गेले होते. मग त्यांनी मला ब्युरेट पुन्हा भरायला लावली आणि तोटीच्या खालच्या नळीत बोट दाखवले. आयोडीनचे द्रावण गडद तपकिरी असते, त्यामुळे तिथे अडकलेला हवेचा बुडबुडा मला सकाळपासून दिसलाच नव्हता. पहिल्या अनुमापनात तो मध्येच निघून गेला होता आणि त्याची जागा भरायला गेलेले द्रावण मी चंबूत गेले असे धरले होते. म्हणजे खरे वाचन २२.४ हेच होते आणि मी खोट्याशी जुळवण्यासाठी खरे खोडले होते. बॅचला दोन्ही आकड्यांनी काही झाले नसते. दोन्ही मर्यादेच्या आतच होते. त्यांनी तेच विचारले, "मग बदललास कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वहीत काट मारायची असेल तर एकच सरळ रेघ मारायला, खालचा आकडा वाचता येईल असा ठेवायला आणि शेजारी कारण लिहून सही करायला लावले. निवृत्त होईपर्यंत ती सवय सुटली नाही.

आज यंत्रे आली आहेत, स्वयंचलित टायट्रेटर आले आहेत, मग या ब्युरेटचा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो टायट्रेटरसुद्धा तेच काम करतो. रंगाऐवजी विद्युतविभव पाहतो, एवढेच. त्याला प्रमाण द्रावण कोणीतरी हातानेच करून द्यावे लागते. आणि आपल्या भागातल्या कितीतरी रोजच्या तपासण्या अजून साध्या अनुमापनावर चालतात. ठाण्याच्या तलावांत मासे मरून तरंगू लागले, की पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. तो मोजण्याची विंकलर यांची पद्धत १८८८ ची आहे. पाण्याची बाटली भरल्याबरोबर काठावरच मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून ऑक्सिजन 'धरून' ठेवायचा, प्रयोगशाळेत आम्ल घालून तेवढ्याच प्रमाणात आयोडीन मोकळे करायचे आणि ते थायोसल्फेटने अनुमापित करायचे. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल (हेही तीव्रतेचेच एकक) थायोसल्फेट घेतले, तर खर्ची पडलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. हिशेबाचीही गरज उरत नाही, इतकी ती सोय सुंदर आहे. मिठातले आयोडीनही थायोसल्फेटनेच मोजतात. खाद्यतेलाचे आम्लमूल्य, दुधाची आम्लता, व्हिनेगरचा आंबटपणा, हे सारे ब्युरेटचेच काम आहे.

म्हणून मी नातीचे जर्नल बाजूला ठेवायला सांगितले. एका जुन्या सहकाऱ्याची महापे येथे लहानशी तपासणी प्रयोगशाळा आहे. रविवारी आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी एका बाटलीत आणि घरच्या नळाचे दुसऱ्या बाटलीत घेऊन आम्ही दोघे तिथे गेलो. सोसायटीत गेले वर्षभर वाद चालू आहे, की नळांच्या जाळ्यांवर पांढरी पुटे बसतात त्याअर्थी पाणी मृदू करणारे यंत्र घ्यावे की नाही. सभांमध्ये आवाज पुष्कळ झाले, पण पाणी किती कठीण आहे हे कोणी मोजले नव्हते. तिने ५० मिलिलिटर पाणी घेतले, अमोनियाचे बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घालून सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास आणला (वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आले), इरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकली आणि पाणी कोकमासारखे लाल झाले. वरून ०.०१ मोलर ईडीटीए. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन ईडीटीए एकेक करून उचलून घेते, शेवटी दर्शकाने धरलेलेही सोडवते, आणि त्या क्षणी लाल जाऊन स्वच्छ निळा येतो. मधे जांभळट रंगाचा एक टप्पा असतो, तो फसवा. पहिल्या खेपेस ती तिथेच थांबणार होती. मी काही बोललो नाही. तिनेच आणखी दोन थेंब घातले.

तिची वाचने २१.३, २१.५ आणि २१.३ अशी आली. दुसऱ्या वेळी निळ्याच्या पुढे गेल्याचे तिला स्वतःला दिसले होते. तरी तिने २१.५ तसेच ठेवले, शेजारी 'बहुधा चार थेंब जास्त' असे लिहिले आणि चौथे अनुमापन केले. ते २१.४ आले. या हिशेबात एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आमच्या बोअरचा कठीणपणा लिटरमागे साधारण ४२६ मिलिग्रॅम झाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. नळाच्या पाण्याला बोअरच्या पाण्याच्या एक-पंचमांशही ईडीटीए लागले नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा आकडा तीच मांडणार आहे.

राज्य मंडळाकडे आणि कनिष्ठ महाविद्यालयांकडे माझे म्हणणे एवढेच आहे. बारावीच्या रसायनशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. त्या ३० गुणांतले अनुमापनाचे गुण जुळलेल्या वाचनांना न देता जशी आली तशी लिहिलेल्या वाचनांना द्यावेत. परीक्षेत सर्व टेबलांवर एकाच तीव्रतेचे द्रावण ठेवण्याऐवजी तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतांची द्रावणे सांकेतिक क्रमांक घालून ठेवावीत. याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाही, फक्त आदल्या दिवशी चार बाटल्या अधिक भराव्या लागतील, आणि मग शेजारच्याचा आकडा उतरवून काही मिळणार नाही. एखादे वाचन वेगळे आले आणि विद्यार्थ्याने त्याचे पटण्यासारखे कारण लिहिले, तर त्याचे गुण कापू नयेत, उलट द्यावेत. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. दहा मिलिलिटरच्या वाचनात तो अर्ध्या टक्क्याचा फरक पाडतो, तेव्हा ९.८, ९.९, ९.८ असे लिहिणाऱ्या मुलाला 'तुझा सीबीआर आला नाही' म्हणून परत पाठवण्याचे काहीच कारण नाही. वेळ आणि रसायने अपुरी असतील तर वर्षभरात सहा अनुमापने उरकण्याऐवजी दोनच करावीत, पण ती प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करावीत.

ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात माझ्यासारखे प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले पुष्कळ लोक राहतात. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांना प्रात्यक्षिकांच्या वेळी टेबलाशी उभे राहायला जास्तीची माणसे हवी असतील, त्यांनी परिसरातल्या अशा लोकांना बोलवावे. मी स्वतः आठवड्यातून दोन सकाळी, विनामूल्य, यायला तयार आहे. गळक्या तोट्यांना ग्रीस लावण्यापासून सुरुवात करू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायन विश्लेषक,
कोपरखैरणे, नवी मुंबई